चार सूर खाली

दवाखाना उघडायच्या आधीच आईने मामाला खुर्चीत बसवले, डोक्यावरचा दिवा त्याच्या तोंडावर ओढला आणि बराच वेळ आत पाहत राहिली. आई दातांची डॉक्टर. मामा तिचा धाकटा भाऊ, ट्रम्पेट वाजवणारा. एकाच घरात ही दोन माणसे जन्माला यावीत हा तिच्या मते नशिबाचा एक फसलेला विनोद होता. ट्रम्पेटचे माउथपीस ओठांवर टेकते, ओठांमागे दात असतात, आणि मामा उंच सूर काढताना ते असे दाबायचा की वाजवून झाल्यावरही त्याच्या ओठांवर एक गोल वळ कितीतरी वेळ उमटलेला दिसे.

"हिरडीनं सोडलंय याला," आई म्हणाली. वरचा, अगदी पुढचा दात. तिने त्याला नुसते बोट लावले तरी तो हलला. "वर्षभर सांगतेय मी."

मामाने तिचा हात बाजूला केला. "मी जन्मल्यापासून तू काही ना काही सांगतेच आहेस, ताई."

"आणि तू जन्मल्यापासून ऐकत नाहीयेस. तोंड उघड."

तिने तो दात शेजारच्या दोन दातांना पांढरा लेप लावून जखडला. लेप वाळेपर्यंत मामा छताकडे पाहत होता आणि मी दाराजवळ उभा राहून त्याच्या बुटांकडे. एक पाय आपसूक ठेका धरत होता.

"हे आजच्यापुरतं आहे," आई हात धूत म्हणाली. "उद्या सकाळी इथं यायचं, मी नीट बांधून देते. मग काही महिने त्या भोंग्याला हात लावायचा नाही."

"आणि त्यानंतर?"

"टिकला तर टिकला. नाहीतर खोटा बसवू. लोक बसवतातच की."

यावर मामाने आईकडे नाही, माझ्याकडे पाहिले. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचा आवाज कुठे राहतो हे आम्हा दोघांना माहीत होते. तो पितळेत राहत नाही. ओठ, दात आणि श्वास यांच्यामधल्या एका इवल्याशा जागेत तो राहतो. ती जागा केसभर बदलली, की येणारा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी असतो. मामाच्या पहिल्या स्वतःच्या रेकॉर्डचे काम गेले कित्येक दिवस चालले होते आणि आज शेवटचा दिवस होता. तीन रचना उरल्या होत्या. त्यांतली शेवटची अशी होती, की तिच्यासाठीच बाकीच्या सगळ्या केल्या आहेत असे तो म्हणायचा.

निघताना आईने आपली बॅग उचलली.

"तू कुठं?" मामाने विचारले.

"तुमच्याबरोबर."

"तुला आमचं संगीत आवडत नाही."

"संगीतासाठी कोण येतंय? दातासाठी येतेय."

*

स्टुडिओ म्हणजे एका जुन्या गोदामाचा वरचा मजला होता. भिंतींना जाड सतरंज्या ठोकलेल्या, खाली लाकडी जमीन, आणि एका बाजूला काचेमागची छोटी खोली. तिथे रेकॉर्डिस्ट त्याच्या यंत्रांपुढे बसे. दारावर लाल दिवा. तो लागला, की पंखा बंद करायचा, घड्याळे खिशात टाकायची आणि खुर्चीने कुरकुर केली तर तिला मनातल्या मनात शिव्या द्यायच्या.

आम्ही चौघे. मामा ट्रम्पेटवर. पियानोवर मास्तर, सकाळी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मास्तर. ड्रम्सवर सावकाश. त्याचे खरे नाव कुणी घेतच नसे, कारण कुणी घाई केली, भांडले किंवा चहा सांडला, तरी त्याच्या तोंडून एकच शब्द निघायचा. आणि बासवर मी. माझ्याहून उंच असलेले ते लाकडी वाद्य मी कवेत धरून वाजवतो. बास मला का आवडतो, हे मी कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. तो चालू असेपर्यंत लोकांना तो वेगळा ऐकू येत नाही, आणि थांबला की सगळ्यांना पायाखालचे काहीतरी सरकल्यासारखे वाटते. माणसाने असे असायला हरकत नाही, असे मला वाटत आले आहे.

मामाची काम करण्याची रीत हट्टी होती. चौघे एकाच खोलीत, मध्ये पडदा नाही, आडोसा नाही. रचना सुरू झाली की शेवटपर्यंत जायचे. कुणी चुकले, तर पहिल्यापासून. एका खेपेतला चांगला तुकडा दुसरीला चिकटवणे त्याला मान्य नव्हते. रेकॉर्डिस्टने एकदा तसे सुचवले तेव्हा मामा म्हणाला होता, "जोडकाम करायचं तर शिंप्याकडे जातो ना, तुझ्याकडे कशाला येऊ?"

माझी जागा मामाच्या डाव्या खांद्यामागे. सूर लावण्याआधी तो श्वास घेतो तेव्हा त्याचा खांदा उचलला जातो, आणि किती उचलला जातो यावरून पुढचा सूर किती उंच असेल हे मला कळते. हे त्याला मी कधी सांगितले नाही. त्याला ते ठाऊक असावे.

आई काचेमागे रेकॉर्डिस्टच्या शेजारी बसली, बॅग मांडीवर. तिला पाहून सावकाशने जबडा धरला. "डॉक्टर बसल्यात म्हटल्यावर माझी दाढ ठणकायला लागली हो."

"तुझी जीभ ठणकली असती तर बरं झालं असतं," मास्तर म्हणाले.

पहिल्या दोन रचना हळव्या होत्या. ट्रम्पेटच्या तोंडात म्यूट, आवाज दबवणारे बूच, बसवून वाजवायच्या, म्हणजे आवाज घशातल्या घशात बोलल्यासारखा येतो. दाबावे लागत नाही. दोन्ही सरळ गेल्या. काचेमागे आईने बॅग मांडीवरून खाली ठेवली. मलाही वाटले, निभावले.

मग मामाने म्यूट काढून खुर्चीवर ठेवला.

शेवटच्या रचनेची सुरुवात माझ्या एकट्याच्या बासने होते. सहा सुरांची एक फेरी, पुन्हा पुन्हा. दोन फेऱ्यांनी ड्रम्सवर सावकाशचे तारांचे ब्रश येतात, मग मास्तर, मग ट्रम्पेट. मध्ये बरेच काही घडते, पण ती रचना आपल्या शेवटासाठी जगते. शेवटी ट्रम्पेट पायरी पायरी चढत अगदी वरच्या सुरावर जाते आणि तिथे थांबते, आणि खाली आम्ही एकेक जण वाजवायचे सोडून देतो. आधी पियानो, मग ड्रम्स, मग बास. तो सूर एकटा उरतो. त्याला लपायला कुठे जागा नाही, आणि मामाला तो सूर दाबल्याशिवाय कधीच निघालेला नाही.

लाल दिवा लागला. आम्ही सुरू केले. सगळे ठीक चालले होते. मामा चढू लागला, त्याचा खांदा उचलला गेला, आणि वरच्या सुराच्या अलीकडच्याच पायरीवर आवाज फाटला. कागद फाटावा तसा, कोरडा.

तो थांबला. आम्ही थांबलो. काचेमागे आई उभी राहिली आणि रेकॉर्डिस्टच्या माइकमधून तिचा आवाज खोलीत आला. "काय झालं?"

"काही नाही. जीभ अडखळली." मामा काचेकडे पाठ करून उभा होता. त्याने तळहात तोंडाशी नेला आणि पुन्हा पाहिला. त्याच्या हातावर पांढरा, नखाएवढा तुकडा होता. सकाळचा लेप. त्याने तो बोटाने उडवून दिला. मग त्याला माझी नजर दिसली.

"तिला सांगायचं नाही," तो ओठही न हलवता म्हणाला.

"मामा, पण—"

"एक सूर राहिलाय फक्त. एक. कळतंय तुला?"

मला कळत होते. आता त्या दाताला कशाचाच आधार नव्हता. मी काचेकडे पाहिले. आई माझ्याकडेच पाहत होती. लहानपणापासून ती माझ्याकडे असेच पाहत आली आहे. मी बोलेन असे तिला कधी वाटत नाही, म्हणून ती चेहरा वाचते. मी मान खाली घातली आणि तारा जुळवण्याचे नाटक केले. सांगितले, तर ती आत्ता आत येईल, आणि रेकॉर्ड शेवटावाचून राहील, आणि उद्यानंतर मामाचा आवाज कसा असेल ते देवाला ठाऊक. नाही सांगितले, तर त्याच्या ओठांमागे काय होईल तेही मला दिसत होते.

"पंखा बंद करा," मामा म्हणाला. "पुन्हा."

बासला चार तारा असतात. एकीपेक्षा शेजारची जाड तार बरोबर चार सूर खाली बोलते. बोटे जशी आहेत तशी ठेवून हात फक्त त्या शेजारच्या तारेवर सरकवला, की तीच धून, तीच फेरी चार सूर खाली उतरते. अंतर बोटाच्या रुंदीएवढेही नाही. वाद्य शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हातून कधीतरी असे चुकून होते आणि तो जीभ चावून हात मागे घेतो. मी मामाच्या डाव्या खांद्याकडे पाहिले. लाल दिवा लागला. बोटे जिथे होती तिथून मी हात एक तार सरकवला आणि फेरी सुरू केली.

पहिल्या सुरालाच सावकाशने मान वर केली. ड्रम्सला पट्टी नसते, त्याला काही बदलायचे नव्हते. तरी त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी शुद्धीत आहे ना याची खात्री करून घेतो आहे. त्याचे ब्रश आले, वेळेवर. मग मास्तरांची पाळी. त्यांचे हात पट्ट्यांवर वीतभर तरंगत राहिले. आपल्याच घराचे कुलूप उघडत नाही असा त्यांचा चेहरा झाला होता. एक फेरी गेली. मग त्यांनी मान हलवली आणि हात खाली आणले, तेही चार सूर खाली, माझ्याजवळ.

आता मामा.

त्याने यायची जागा आली आणि गेली. खांदा उचलला गेला नाही. ट्रम्पेट ओठांपासून दूर, छातीशी होते, आणि त्याची मान किंचित माझ्या बाजूला वळली होती. मला त्याचा फक्त कान दिसत होता. तो लाल झाला होता. मी फेरी पुन्हा सुरू केली. दुसरे मी काय करू शकत होतो? काचेमागे रेकॉर्डिस्ट उठून उभा राहिला होता आणि हात यंत्राच्या बटणावर नेऊन तसाच थांबला होता. आईला काही कळलेले नव्हते. ती सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होती. माझ्या उजव्या हाताची बोटे सुन्न होत होती. मला वाटले, तो आता वळेल आणि सर्वांसमोर मला विचारेल. मला वाटले, तो ट्रम्पेट खाली ठेवून निघून जाईल. आणखी एक फेरी गेली.

मग त्याचा श्वास ऐकू आला. खांदा वर गेला नाही. पाठ रुंद झाली. इतक्या दिवसांत मी त्याला असा श्वास घेताना पाहिले नव्हते. आणि जो आवाज आला तो मला माहीत नव्हता. जाड, हवेने भरलेला, कडांना थोडा विरलेला, जसा झोपेतून उठलेला माणूस आधी बोलतो आणि मग स्वतःच दचकतो. धून तीच होती. पण तिच्यातल्या ज्या वळणांवर तो एरवी झळकून पुढे जायचा, तिथे त्याला चालत जावे लागत होते, आणि चालताना त्याला जणू वाटेतली घरे दिसत होती. मास्तर वाजवता वाजवता वाजवायचे कमी करत गेले. सावकाशने एक ब्रश उचलून नुसता हवेत धरला.

शेवट आला. मामा चढू लागला. नवा वरचा सूर जुन्याच्या चार सूर खाली होता, तरी तो काही सोपा नव्हता. मी त्याच्या मानेवरची शीर पाहत होतो. सूर लागला. तो चमकला नाही. थोडा खरखरीत होता, काठाशी हवा गळत होती. पियानो थांबला. ब्रश थांबले. मी तारेवर हात ठेवला आणि तारा गप्प केल्या. तो सूर एकटा उभा राहिला, आणि श्वास संपेपर्यंत उभाच होता. मग तो पडला नाही, नुसता नव्हता.

लाल दिवा विझला.

*

मामाने माउथपीस काढले, रुमालाने पुसले, आत फुंकर मारली. ती सगळी कामे संपल्यावरच तो वळला.

"कुणाला विचारून?"

मी तारांवरचा हात काढून घेतला.

"मी विचारतोय, कुणाला विचारून?"

"झालं ते वाईट नाही झालं," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुम्ही मध्ये पडू नका. तुम्हीही गेलातच की त्याच्या मागं."

"मग काय करू? बास घर उचलून निघाला. मी काय एकटा रस्त्यावर पेटी घेऊन बसू?"

"सावकाश," सावकाश म्हणाला. "सगळे जरा सावकाश."

"पुन्हा घ्यायचंय," मामा म्हणाला. "मूळ पट्टीत. आत्ता."

जड दार ढकलून आई आत आली. तिने आधी मामाकडे पाहिले, मग बाकीच्यांकडे, आणि शेवटी माझ्यापुढे उभी राहिली. "हे तिघं मला काही सांगायचे नाहीत. तू सांग."

"लेप निघालाय," मी म्हणालो. "मघाशीच."

"घरचा भेदी," मामा पुटपुटला.

"तोंड उघड," आई म्हणाली.

"ताई, इथं नाही."

"इथंच."

आणि आमच्या चौघांचा म्होरक्या, ज्याच्या एका भुवईवर आम्ही थांबायचो आणि सुरू व्हायचो, तो आपल्या थोरल्या बहिणीपुढे शाळकरी मुलासारखा तोंड उघडून उभा राहिला. मास्तर पियानोच्या झाकणावर काहीतरी शोधू लागले. आईने बोट आत घातले. मामाचे डोळे घट्ट मिटले.

"आणखी एकदा दाबलंस ना," ती हळू म्हणाली, "तर हा माउथपीसवरच येईल."

"येऊ दे."

"येऊ दे?"

"दात माझा आहे, ताई."

मला वाटले, ती ओरडेल. तिचे ओरडणे मी ऐकलेले आहे. पण तिने बोट रुमालाला पुसले, मास्तरांच्या शेजारी पियानोच्या बाकावर बसली आणि एकाएकी खूप दमल्यासारखी दिसली. "तुझाच आहे. माझा आहे असं कधी म्हटलं मी? वाजव. मी इथं बसते. पडला तर उचलायला कुणीतरी हवं."

मामाला विरोधाची सवय होती. या उत्तराने तो क्षणभर गोंधळला. मग त्याने माउथपीस पुन्हा बसवले आणि माझ्याकडे पाहिले.

"मूळ पट्टी. ऐकलंस? सुरुवात तू करतोस. जागेवर हात ठेव."

रेकॉर्डिस्ट काचेमागे पुन्हा खाली बसला. लाल दिवा लागला. सावकाशने ब्रश हातात घेतले. आईने ओढणीचे टोक मुठीत धरले. सगळे माझ्यासाठी थांबले होते. मी हात जागेवर ठेवला, बरोबर तारेवर, बरोबर खुणेवर. बोटांना ती फेरी माझ्याहून चांगली पाठ होती. मी फक्त त्यांना मोकळे सोडायचे होते. मला मामाचा खांदा दिसत होता आणि तो आत्तापासूनच उचललेला होता.

मी बास कलता केला, गुडघ्यावर टेकवत खाली नेला आणि जमिनीवर आडवा ठेवला. लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज त्या बंद खोलीत फार मोठा वाटला. टेपवर तो आजही असेल.

"हे काय?" मामा म्हणाला.

"मूळ पट्टीत मी नाही वाजवणार."

"काय म्हणालास?"

मी नुसता उभा राहिलो. हातात काही नसले की माझे हात कुठे ठेवावेत हे मला कळत नाही.

मामा माझ्याजवळ आला. "तुला घेताना सगळे म्हणत होते, भाच्याला घेऊ नकोस, नातं मध्ये येतं. मी म्हटलं, हा तर बोलतच नाही, कुठून येणार मध्ये!" तो हसला. त्या हसण्यात हसण्यासारखे काही नव्हते. "ज्याला आपल्या म्होरक्याची कीव येते तो बासवाला काय कामाचा रे? खाली काय धरायचं ते सांग मला. तुझी कीव धरून उभा राहू?"

"कीव नाही," मी म्हणालो.

"मग काय?"

आजही नीट सांगता येईल असे नाही. मला एवढेच माहीत होते, की मघाचा तो आवाज, तो विरलेल्या कडांचा, त्यानेही पहिल्यांदाच ऐकला होता, आणि त्याला तो ऐकू न आल्याचे तो सोंग करत होता. पण असे वाक्य मी तोंडाने कसे म्हणणार होतो?

लाल दिवा फुकट जळत होता. शेवटी मामाने काचेकडे तोंड केले. "दिवा घालव. मघाचं लाव. काय पाप करून ठेवलंय ते ऐकू तरी दे."

स्पीकरमधून माझी फेरी आली. मामा सतरंजी ठोकलेल्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, हाताची घडी घालून. ब्रश आले. पियानो आला, तोही एक फेरी उशिराने. मग ती वाट पाहणे. खोलीत आम्ही ती जगलो तेव्हा ती मला न संपणारी वाटली होती. ऐकताना ती आणखी वाईट होती, कारण आता ती सगळ्यांची होती. मग ट्रम्पेट आले. मामाच्या हातांची घडी हळूहळू सुटली. मध्ये एका जागी त्याचे डोके किंचित पुढे झुकले आणि तसेच राहिले. शेवटचा सूर येऊन गेला, टेपची नुसती खसखस उरली, तरी तो वळला नाही.

"मी एवढा उशिरा आलोय?" त्याने भिंतीलाच विचारले.

"हो," रेकॉर्डिस्ट माइकवरून म्हणाला. "हवं तर त्या रिकाम्या फेऱ्या काढता येतील. कापून जोडता येईल. कळणारही नाही कुणाला."

मामाने पाठ भिंतीला टेकवली. त्याचा वरचा ओठ सुजायला लागला होता. त्याने आईकडे पाहिले, बंद पियानोकडे पाहिले, जमिनीवर आडव्या पडलेल्या बासकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "आहे तसं राहू दे."

मग त्याने ट्रम्पेट पेटीत ठेवले, आईची बॅग उचलली आणि दोघे जिन्याने खाली गेले.

*

आईने तो दात दुसऱ्या दिवशी बांधला. मामाने काही महिने खरोखरच ट्रम्पेटला हात लावला नाही. फक्त माउथपीस घरभर खिशात घेऊन फिरतो, असे आई सांगायची. दर आठवड्याला तो तिच्या खुर्चीत बसायचा. मी त्या वेळेला दवाखान्यात जात नसे. रेकॉर्ड निघाली. शेवटच्या रचनेबद्दल लोक खूप बोलले. ट्रम्पेट येण्याआधीची ती लांब वाट हा फार विचार करून केलेला प्रयोग आहे, असे कुणीतरी छापूनही आणले. मास्तरांनी ते फोनवर मला वाचून दाखवले आणि इतके हसले की त्यांना खोकला लागला.

मामाचा फोन मात्र आला नाही. एकदा रस्त्यात सावकाश भेटला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाला, "नवा बासवाला घेतलाय. तुझ्यापेक्षा बरा नाही. पण सांगितलेलं ऐकतो."

"बरं झालं," मी म्हणालो.

"बरं काय झालं डोंबल," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच घाईघाईने निघून गेला.

मामा पुन्हा वाजवायला लागल्यावरच्या पहिल्या कार्यक्रमाला आई मला जवळजवळ ओढत घेऊन गेली. संध्याकाळचे छोटे सभागृह, लाकडी खुर्च्या. आम्ही पुढून तिसऱ्या रांगेत बसलो. मामा थोडा वाळला होता. सुरुवातीच्या रचना म्यूट लावून झाल्या आणि लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मग त्याने म्यूट काढून ठेवला. आईने माझे मनगट धरले.

"तेच ना हे? त्या दिवशीचं?"

"हो."

"वरचं वाजवणार की खालचं?"

"माहीत नाही."

"वरचं वाजवलं तर टिकायचा नाही तो. मी सांगितलंय त्याला. वरचं नाही म्हणून सांगितलंय." ती कुजबुजत होती. "काही म्हणाला नाही. नुसता हसला."

नवा बासवाला माझ्याच वयाचा होता, उंच, नीटस. त्याने मामाकडे पाहिले. मामाने पाहिले नाही. तो ट्रम्पेटकडे पाहत होता. बासवाल्याचा डावा हात बासच्या मानेवर चढला. तिसऱ्या रांगेतून मला त्याची बोटे स्पष्ट दिसत होती, पण ती तारांवर टेकलेली नव्हती, वर तरंगत होती. तो जागा शोधत होता. माझी स्वतःची बोटे गुडघ्यावर दाबली गेली होती. तो हात कुठे उतरेल एवढाच प्रश्न त्या वेळी जगात होता.

बोटे जाड तारेवर उतरली. पहिला सूर आला. चार सूर खाली.

"खालचं," मी म्हणालो. आईने मनगट सोडले. तिथे तिच्या नखांच्या खुणा होत्या.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही मागच्या बोळात गेलो. चौघे वाद्ये आवरत होते. मास्तरांनी मला मिठी मारली. सावकाशने पाठीत धपाटा घातला. मामा नव्या बासवाल्याशी बोलत होता; मला पाहून त्याने वाक्य पूर्ण केले आणि मग म्हणाला, "हा माझा भाचा. हाही बास वाजवतो."

"हो का? कुणाबरोबर?" त्या मुलाने आदराने विचारले.

"सध्या कुणाबरोबर नाही," मी म्हणालो.

तो मुलगा अवघडला आणि आपल्या वाद्याला खोळ घालायला गेला. मामा आणि मी समोरासमोर उभे राहिलो. इतक्या महिन्यांत जे बोलायचे साठले होते, त्यातले काहीच बोळात मावण्यासारखे नव्हते. मागे आई मास्तरांना पान-तंबाखूबद्दल झापत होती.

"मामा," मी म्हणालो, "दात?"

त्याने वरच्या ओठावरून जीभ फिरवली, सावकाश, आत काहीतरी मोजल्यासारखी.

"आहे," तो म्हणाला. आणि वाकून पेटीची खिटी लावू लागला.